एका तोंडाचा तबला

शुक्रवारी रात्री नऊला
टोलेडोत, हन्नाच्या हॉटेलात,
बाहेर मीठ टाकलेला बर्फ काळा पडत चाललेला,
मी तबला मांडीवर आडवा घेतो.
आमचा तबला एकाच तोंडाचा.
माशाचं कातडं होतं त्याला.
ओहायोच्या पहिल्याच हिवाळ्यात तडकलं,
तेव्हापासून प्लास्टिक.

त्या आठजणी येतात.
ट्वायला बँकेत असते, डोरीन शाळेची बस चालवते,
बाकीच्यांची नावं मी अजून विचारलेली नाहीत.
एकावर एक तीन घागरे,
कमरेला लोकरीचे गोंडे, कवड्या,
कुठल्या कुठल्या देशांतून बाद झालेली नाणी.
पाठ ताठ, हात वर,
डोक्यावर न दिसणारा घडा असल्यासारख्या,
आणि एकीचा सांडला तर आठहीजणींचा सांडणार.
पुढची मनगट वळवते, मागच्या वळतात.
पुढची खांदा देते, सगळ्या फिरतात,
आणि शेवटी होती तीच आता पुढे.
आधी काही बसवलेलं नसतं, म्हणे.
फक्त खुणा ठरलेल्या.
माझ्याकडे कुणीच बघत नाही.

तान्तात इन्शिराह मावशी लग्नात नाचायची
तेव्हा सगळ्या वादकांचे डोळे
तिच्या कमरेच्या रुमालाच्या गाठीवर.
गाठ हलली की दुम.
गाठ थांबली की आमचा श्वासही थांबायचा.
एका फरशीबाहेर ती कधी गेली नाही.
हात कशाला वर करेल?
एका हातात झग्याची कड,
दुसऱ्याने मध्येच पोराचं नाक पुसलेलं,
ठेका न चुकवता.
अकॉर्डियन रडायला लागलं की ती जमिनीत बसत जायची.
वर सगळं शांत,
खाली जातं फिरत असायचं.

नेजदेत एदिर्नेचा, क्लॅरिनेट वाजवतो.
तो म्हणतो, हा काय नाच?
आमच्याकडे नऊ मात्रांत पोट कसं उसळतं ते बघ,
बाई मागे वाकते ती केस जमिनीला लागेपर्यंत.
हन्ना म्हणतो, बैरूतमध्ये आधी टाचा उंच लागतात,
मग बाकीचं.
मी म्हणतो, तुमचं दोघांचंही चुकतंय.
आमचं हे दर आठवड्याचं भांडण.
ट्वायला पाणी पीत ऐकते, आणि एकदा विचारते,
मग तुझी मावशी कुठल्या शैलीत नाचायची?

शैली!
लग्न कुणाचं, त्यावर.
बदक शिजलं की नुसता भात, त्यावर.
नवऱ्याशी बोलणं चालू आहे की बंद, त्यावर.

मागच्या शुक्रवारी सातजणीच आल्या.
सकाळी दफनविधी झाला होता.
मार्लिस. तिचं नाव मला तेव्हा कळलं.
नाचताना तिची जागा त्यांनी मोकळी ठेवली,
फिरत फिरत पुढारपण त्या मोकळ्या जागेकडे आलं
आणि सगळ्या थांबल्या,
तिच्या खुणेची वाट बघत.
बोटांतल्या झांजा फक्त चालू,
उजवी, डावी, उजवी,
घोडा दूर चाललाय तशा.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं.
माझा हात हवेतच राहिला.
अशा थांबण्यावर काय वाजवायचं
ते मला माहीत होतं, फक्त
इथे कधी लागेल असं वाटलं नव्हतं.
एकच दुम दिला, मधोमध, हळू,
आणि थांबलो.
डोरीनने मान वळवून बघितलं,
गाठीकडे नाही, माझ्याकडे.
तिची कंबर किंचित खाली गेली,
उशिरा, मात्रा सोडून,
शाळेच्या बससारखी जड.
नेजदेत काही बोलला नाही.

नंतर हन्नाने सवयीने आठ ताटं वाढली.
एक मी खाल्लं.